लेक भारतीय, आई परदेशी

मागच्या भागात सातबारा आणि वारसनोंदीवर बोललो होतो, त्यावर बरेच निरोप आले. त्यांची उत्तरं पुढच्या वेळी. आजचा विषय थोडा वेगळा आहे. खरं सांगायचं तर हा विषय मी बरीच वर्षं टाळत आलो, कारण यात पक्षकाराला "काम होईल" असं छातीठोक सांगता येत नाही.

मी अर्जुनी-मोरगावला वकिली करतो, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. नवीन लोकांसाठी सांगतो, गोंदिया जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा टोकाचा तालुका. धानाच्या बांध्या, नवेगावबांधचं जंगल, इटियाडोहचं धरण. धरणाकडे निघालात की गोठणगाव लागतं, प्रतापगड लागतं. महाशिवरात्रीला प्रतापगडला जत्रा भरते, तिथेच दर्गाही आहे, आणि दोन्हीकडे लोक जातात. त्याच भागात रस्त्याच्या कडेला अचानक रंगीत पताका दिसायला लागतात. मंत्र छापलेल्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. ती नोर्ग्येलिंग वसाहत. १९७२ साली वसलेली, महाराष्ट्रातली तिबेटी निर्वासितांची शेती-वसाहत. नागपूरला हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणारे तिबेटी तुम्ही पाहिले असतील, त्यातले काही आमच्या तालुक्यातले असतात. दिवाळी झाली की माल घेऊन निघतात आणि थंडी सरली की परत येतात.

तर काही वर्षांपूर्वी या वसाहतीतली एक बाई माझ्याकडे आली. नाव सांगणार नाही, आणि ओळखू येईल असे दोन-चार तपशीलही बदलले आहेत. आपण तिला ताई म्हणू. ताईचा जन्म १९८५ चा, इथलाच. शाळा इथली. मराठी अशी बोलते की फोनवर ऐकलं तर साकोलीची की लाखांदुरची एवढाच प्रश्न पडेल. तिच्याबरोबर तिची आई. तिबेटी भाषेत आईला आदरानं "आमाला" म्हणतात. आता आमच्या झाडीपट्टीत "आमाला" म्हणजे "आम्हाला". त्यामुळे ताई जेव्हा म्हणाली, "वकीलसाहेब, आमाला कागद पाहिजे," तेव्हा मी म्हणालो, "तुम्हा दोघींना ना?" ती हसली. म्हणाली, "नाही जी, मला नाही. आईला."

मग तिनं प्रश्न विचारला. "मी भारतीय आहे ना? कोर्टानं सांगितलंय. मग मी भारतीय आहे म्हणून माझ्या आईला इथं राहायचा काही हक्क मिळतो का?"

प्रश्न केवढा साधा! उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. आणि उत्तर "नाही" असं होतं.

आता हे असं का, ते नीट बघू. थोडा कायदा येईल, पण मी सोपा करून सांगतो, झोपू नका.

आपला नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याचं कलम ३ जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वाचं. मूळ नियम फार मोकळा होता. २६ जानेवारी १९५० नंतर जो भारताच्या भूमीवर जन्मला, तो भारतीय. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं वगैरे एक-दोन अपवाद सोडा. आईबाप कोण, कुठले, हे विचारायचंच नाही. मग आसामचं आंदोलन झालं, १९८५ चा करार झाला, सीमेपलीकडून येणाऱ्या लोकांचा प्रश्न पेटला, आणि १९८६ साली संसदेनं दुरुस्ती केली. ती लागू झाली १ जुलै १९८७ पासून. त्या तारखेनंतर जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी भारतीय असायला हवा. पुढे ३ डिसेंबर २००४ पासून आणखी कडक झालं: दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

ही दुरुस्ती करताना गोठणगावच्या तिबेट्यांचा विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही. पण रेघ ओढली की ती सगळ्यांच्या अंगणातून जाते. ताई १९८५ ची. तिचा धाकटा भाऊ नोव्हेंबर १९८७ चा. एकच आई, एकच बाप, एकच घर. ती भारतीय, तो परदेशी. चार-पाच महिन्यांनी हुकलं. ताई सांगते, भाऊ चिडला की आईला म्हणतो, "थोडी घाई करायची होतीस." घरात यावर हसतात. मी पण हसलो, आणि मग बराच वेळ मला बोलायला काही सुचलं नाही.

बरं, कायदा १९५५ चा आणि १९८७ चा, पण ताईला आपण भारतीय आहोत हे कळलं कधी? २०१० नंतर. कारण तोवर सरकारी कार्यालयं तिबेटी माणसाला सरसकट परदेशीच धरत होती. इथं जन्मला असला तरी त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे "आरसी" म्हणतात, ते असायचं. परदेशी नागरिकाचं. २०१० च्या २२ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मुरलीधर यांनी नामग्याल डोलकर या तरुणीच्या बाजूनं निकाल दिला. तिचा जन्म १९८६ चा, कांगड्याचा. पासपोर्ट मागितला तर आईबाप तिबेटी म्हणून नाकारला. न्यायालयानं सांगितलं, कायद्यात जन्मस्थान आणि जन्मतारीख एवढंच विचारलंय, तेवढं बसतंय, ती भारतीय आहे. तिनं आधी अर्जात स्वतःला तिबेटी लिहिलं म्हणून जन्मानं मिळालेलं नागरिकत्व जात नाही. पुढे २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानंही तसंच सांगितलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं अशा लोकांची नावं मतदार यादीत घ्या म्हणून कळवलं. २०१६ मध्ये दिल्लीच्याच न्यायालयानं पुन्हा स्पष्ट आदेश दिला, आणि २०१७ मध्ये पासपोर्ट कार्यालयांना तशा सूचना गेल्या.

म्हणजे मुलांचं काम झालं. निदान १९८७ च्या आधीच्या मुलांचं. आईचं काय?

आमालाचा जन्म तिबेटातला. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यानंतरच्या लोंढ्यात ती आली. वय किती होतं तेही तिला नक्की माहीत नाही, पाठीवर बसून डोंगर उतरल्याचं आठवतं म्हणते. पासपोर्ट, व्हिसा कुठला! साठ वर्षांहून जास्त काळ ती या देशात आहे. पण कागदावर परदेशी. आरसीची मुदत पूर्वी दरवर्षी वाढवून घ्यावी लागायची, २०१२ नंतर बहुतेकांना पाच वर्षांची मिळायला लागली. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हे परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी, म्हणजे त्यासाठी गोंदिया गाठायचं. हॉटेलात उतरली तर हॉटेलवाल्यानं तिच्यासाठी "सी फॉर्म" भरायचा, जसा एखाद्या जर्मन पर्यटकासाठी भरतात. परदेशी जायचं तर पिवळं ओळख-प्रमाणपत्र वेगळं, आणि परत येऊ द्यायला हरकत नाही असा शिक्का वेगळा. आपल्याच घरी परत यायची परवानगी! तिचं घर इथंच आहे ना?

आता ताईचा प्रश्न. लेक भारतीय, तर आईला काही मिळतं का?

नागरिकत्व कायद्याचं कलम ५ काढून बघा. नोंदणीनं कोणाला नागरिक होता येतं याची यादी तिथं आहे. भारतीयाशी लग्न केलेला नवरा किंवा बायको, सात वर्षं राहिल्यावर. भारतीयांची अल्पवयीन मुलं. ज्यांचे आईबाप नोंदणीनं नागरिक झाले ती सज्ञान मुलं. मूळ भारतीय वंशाचे लोक. सगळी यादी वाचा. नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला, आईबापाकडून मुलाला हक्क वाहतो. मुलाकडून आईबापाकडे वाहत नाही. पाणी वरून खाली जातं, तसं. म्हातारपणी आईबापाला सांभाळायचं कायद्यानं मुलावर बंधन आहे, २००७ चा त्यासाठी वेगळा कायदा आहे, पोटगी द्यावी लागते. पण सांभाळायचं असेल तर ती आई देशात असायला हवी, याची सोय नागरिकत्वाच्या कायद्यात कोणी केली नाही.

मग कलम ६ उरतं, म्हणजे दीर्घ वास्तव्यावरून नागरिकत्व. बारा वर्षांचं वास्तव्य लागतं, ते आमालाचं पाच पट आहे. आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा यायला हवी, तिला हिंदी येते, मराठी समजते. पण अर्जदार "बेकायदा स्थलांतरित" नसावा, आणि त्याची व्याख्या म्हणजे वैध प्रवासी कागदपत्रांशिवाय आलेला परदेशी. डोंगर उतरून आलेल्या पोरीकडे कसली कागदपत्रं? उलट म्हणता येतं की सरकारनंच तिला आसरा दिला, जमीन दिली, आरसी दिली, मग ती बेकायदा कशी. मी ते म्हणायला तयार आहे. पण हा युक्तिवाद आहे, आणि कलम ६ खाली नागरिकत्व देणं-न देणं सरकारच्या मर्जीवर आहे. हक्क म्हणून मागता येत नाही.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, संजयनगर अशी बंगाली निर्वासितांची गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेली माणसं. तिथले मासे बाजारात येतात, दुर्गापूजा होते, आम्ही जातो. २०१९ ची दुरुस्ती आली, जिच्यावर देशभर एवढा वाद झाला, तिच्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन यांना वाट करून दिली. बौद्ध शब्द त्यात आहे. मी ताईला तो वाचून दाखवला तेव्हा तिचे डोळे चमकले. पण देशांच्या यादीत चीन नाही. धर्म बसतो, देश बसत नाही. एकाच तालुक्यातल्या दोन निर्वासित गावांना दोन वेगळी मापं. या कायद्याबद्दल माझी मतं वेगळी आहेत, त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करू, आज नको.

आणि संविधान? कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, परदेशी माणसालाही आहे. १९९६ साली चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते ठणकावून सांगितलं. पण देशात कुठेही राहण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे, आणि तो फक्त नागरिकांना. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे, असं १९५५ च्या हान्स म्युलरच्या खटल्यापासून न्यायालयं म्हणत आली आहेत. म्हणजे आमालाला कोणी छळू शकत नाही, पण "राहा" असं म्हणणं ही सरकारची कृपा. सरकारनं ती कृपा आजवर पाळली आहे, हेही खरं. तिबेट्यांना भारतानं जेवढं दिलं तेवढं फार थोड्या देशांनी कोणाला दिलं असेल. मी हे उगाच बोलत नाही, आमाला स्वतः दर भेटीत हे बोलते. पण कृपेवर साठ वर्षं जगायचं म्हणजे मान थोडी झुकलेलीच राहते.

दुसऱ्या देशांत काय आहे? अमेरिकेचं आपल्या लोकांना चांगलं माहीत आहे, कारण पुण्या-नागपूरची कितीतरी मंडळी तिकडे आहेत. मूल तिथं जन्मलं की अमेरिकन, पण आईबापाला त्याचा लगेच उपयोग शून्य. मूल २१ वर्षांचं झालं की ते आईबापासाठी अर्ज करू शकतं. तोवर बापाचा व्हिसा गेला तर अमेरिकन पोराला घेऊन नागपूरला परत. आता तर जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वालाच कात्री लावणारा आदेश काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर केवढी कालवाकालव! मी मनात म्हटलं, अरे बाबांनो, असली रेघ आपण १९८७ मध्येच ओढली, आणि ती गोठणगावातून जाते.

युरोपात मात्र एक वेगळा निकाल आहे. कोलंबियाचा एक माणूस, रुईझ झांब्रानो, बेल्जियममध्ये राहत होता, कागदपत्रं धड नव्हती. दोन मुलं तिथं जन्मली, ती बेल्जियन झाली. युरोपीय न्यायालयानं ८ मार्च २०११ ला सांगितलं, तुम्ही बापाला राहू दिलं नाही, काम करू दिलं नाही, तर ही लहान मुलंही त्याच्याबरोबर युरोप सोडून जातील. म्हणजे त्यांचं नागरिकत्व नुसतं कागदावर उरेल. मुलाचा हक्क खरा ठेवायचा असेल तर बापाला राहू द्या. मला हा विचार फार आवडतो. बापाला बक्षीस म्हणून नाही, मुलाचा हक्क पोकळ होऊ नये म्हणून. पण तो निकाल लहान, अवलंबून असलेल्या मुलांसाठी होता. आमच्या ताईसारख्या मोठ्या मुलीला तो तिथंही सहज लागला नसता.

आणि हे फक्त तिबेट्यांचं आहे असं समजू नका. परदेशी मुलगी पुण्यातल्या मुलाशी लग्न करते, तिला ओसीआय कार्ड मिळतं. घटस्फोट झाला तर कायद्याचं कलम ७ड म्हणतं की ते कार्ड रद्द करता येतं. तिचं मूल भारतीय, इथल्या शाळेत जाणारं. ती त्या मुलाची आई आहे, या गोष्टीचा त्या कलमात उल्लेखही नाही. बायको म्हणून आलीस, बायको राहिली नाहीस, संपलं. मग व्हिसासाठी विनंत्या आणि अर्ज करत बसायचं.

आता ताईकडे परत येतो. आईसाठी वाट नाही म्हटल्यावर मी तिला म्हणालो, निदान तू तुझा पासपोर्ट घे. तुझा नवरा मैनपाटला जन्मलेला, तोही १९८७ च्या आधीचा, म्हणजे तोही भारतीय. तुमची मुलगी २००६ ची, आईबाप दोघंही भारतीय, म्हणजे तीही. मुलीला पुढे सरकारी नोकरी, परीक्षा, सगळं लागेल. फाईल करायला घेतली. पहिली अडचण जन्मदाखल्याची. ताईचा दाखला म्हणतो जिल्हा भंडारा, बाकीचे कागद म्हणतात गोंदिया. एका कार्यालयातल्या साहेबांनी ठरवलं की ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, म्हणजे दाखला संशयास्पद. त्यांना १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला हे समजावून सांगण्यात माझे तीन हेलपाटे गेले. तिबेटी लोक तर अजूनही या वसाहतीला "भंडारा"च म्हणतात. तुमच्यापैकी कोणाचा जन्म १९९९ च्या आधी गोंदिया भागातला असेल तर जिल्हा विभाजनाच्या अधिसूचनेची प्रत फाईलला लावून ठेवा, फुकटचा सल्ला आहे. आणि ज्यांची जन्मनोंदच झाली नाही, त्यांनी उशिराच्या नोंदीचा अर्ज वेळ न घालवता करा. वर्ष उलटून गेलं असलं तरी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं नोंद होते.

दुसरी अडचण मोठी होती. २०१७ मध्ये पासपोर्टाची वाट उघडली तेव्हाच तिबेटी अर्जदारांना अटीही सांगण्यात आल्या. आरसी आणि ओळख-प्रमाणपत्र परत करा, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा, आणि तिबेटी वसाहत सोडा. यामागचा विचार मला कळतो. जमीन निर्वासितांसाठी दिली, तुम्ही निर्वासित नाही तर जमीन सोडा. तर्क अगदीच वाईट नाही. पण ज्या घरात ही अट शिरते तिथं काय होतं ते बघा. आमालाचं राहणं वसाहतीतलं, आरसीवर पत्ता तिथला, देऊळ तिथं, तिच्या भाषेत बोलणाऱ्या म्हाताऱ्या तिथं. लेक भारतीय झाली की वसाहतीबाहेर. आई परदेशी, म्हणून वसाहतीत. लेकीचा हक्क आईकडे वाहत नाही एवढंच नाही, लेकीनं हक्क वापरला तर ती आईपासून तुटते.

ताईनं फाईल चार दिवस घरी नेली. परत आणली ती बांधूनच. म्हणाली, "राहू द्या वकीलसाहेब. पासपोर्ट घेऊन मी जाणार कुठं? लुधियानाला स्वेटर आणायला पासपोर्ट लागत नाही." मतदार कार्ड मात्र तिनं आधीच काढलं होतं.

हेही सांगायला हवं की वसाहतीत सगळेच भारतीय व्हायला उतावीळ आहेत असं नाही. काहींना वाटतं, सगळे नागरिक झाले तर तिबेटचा प्रश्न उरणार कोणाचा? आमालाला मी एकदा सरळ विचारलं, उद्या सरकारनं नागरिकत्व दिलं तर घ्याल का? तिनं बराच वेळ जपमाळ फिरवली आणि तिबेटीत काहीतरी म्हणाली. ताईनं सांगितलं, "ती म्हणते, परत जायचं होतं." मला वाटलं होतं हो किंवा नाही म्हणेल. म्हणजे आपण ज्याला हक्क म्हणून मागतो तो तिला हवाच आहे असंही नाही. तिला भीती वाटायला नको, एवढंच हवं आहे. ते नागरिकत्वाशिवायही देता येईल. कायमच्या वास्तव्याचा एखादा दर्जा, ज्याचं नूतनीकरण लागत नाही, लेक वसाहतीत राहिली की बाहेर यावर अवलंबून नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिकांचा जुना कायदा जाऊन नवा लागू झाला आहे. नवा कायदा करताना या एका गोष्टीसाठी चार ओळी घालता आल्या असत्या, असं माझं मत आहे.

ताईची फाईल अजून माझ्या कपाटात आहे, हिरव्या दोरीनं बांधलेली. मागच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत एक मुलगी ऑफिसात आली. सडपातळ, पाठीवर कॉलेजची बॅग. "मी अमुकची मुलगी," म्हणाली. २००६ ची, आता अठरा पूर्ण. तिला नर्सिंगनंतर भरतीचे फॉर्म भरायचे आहेत. मी फाईल काढली, तर म्हणाली, "आईनं सगळं सांगितलंय मला. फक्त एक विचारायचं होतं. आई गेली नाही, पण मी वसाहत सोडून पासपोर्ट घेतला, तर मी सुट्टीत आजीकडे राहायला येऊ शकते ना? किती दिवस चालतं?"

मी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि फाईलची दोरी सोडली.